आज वाचावे, आज करावे : नव्या विश्वासणाऱ्यासाठी रोजच्या वाटचालीचे मार्गदर्शन

बाप्तिस्मा झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी नेमके करायचे काय, हा प्रश्न नव्या विश्वासणाऱ्याला फार लवकर पडतो. रविवारी मंडळीत गायन असते, उपदेश असतो, हात हातात घेऊन ‘जय ख्रिस्त’ म्हणणारी माणसे असतात. सोमवारी सकाळी मात्र नळाच्या पाण्याची वेळ, मुलांचा डबा आणि कामावर पोचण्याची घाई असते. अशा वेळी उत्साहाच्या भरात पहाटे चारला उठण्याचा, वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचण्याचा आणि दर शुक्रवारी उपास करण्याचा संकल्प सोडला जातो, आणि तिसऱ्या आठवड्यात तो मोडला की आपला विश्वासच कच्चा असावा अशी शंका मनात घर करते. बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वर्गात बसणाऱ्यांबरोबर मी बरीच वर्षे काढली आहेत, आणि माझा अनुभव असा आहे की मोडतो तो विश्वास नसतो, वेळापत्रक मोडते. म्हणून या लेखात एकच धागा धरला आहे: वचनातून जेवढे कळले तेवढे त्याच दिवशी करावे, आणि पुढचे वाचन त्यानंतर करावे.

सुरुवात करण्यापूर्वी

आपल्याकडे पुण्य गाठीशी बांधण्याची कल्पना इतकी मुरलेली आहे की प्रार्थना, वाचन आणि उपास हेही नकळत त्याच खात्यात जमा केले जातात. पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, ते कर्मांमुळे नव्हे. आणि लगेच पुढच्या वचनात तो म्हणतो की सत्कृत्यांसाठीच आपली निर्मिती झाली आहे. हा क्रम उलटा होऊ देऊ नये. आज्ञापालन ही स्वीकाराची किंमत नसून स्वीकारल्या गेलेल्या लेकराची वागणूक आहे; म्हणूनच ते चुकले तरी लेकरूपण जात नाही. हे ज्याच्या मनात पक्के बसले नाही, त्याच्यासाठी पुढील प्रत्येक पायरी ओझे ठरते.

पहिली पायरी : वेळ आणि जागा ठरवणे

मार्काच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चार चरित्रांपैकी एकाच्या, पहिल्या अध्यायात येशू कफर्णहूम गावात आहे. सूर्य मावळल्यावरही दाराशी आजाऱ्यांची गर्दी आहे, आणि तरी पुढच्या पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांत स्थळी प्रार्थनेला जातो. येथे पहाटेपेक्षा एकांत महत्त्वाचा आहे. रात्रपाळी करणाऱ्याने पहाटेचा अट्टहास धरू नये. कामावरून आल्यावर हातपाय धुऊन बसलेली वीस मिनिटे तितकीच खरी असतात. वेळ मात्र रोज तीच असावी, कारण रोज नव्याने ठरवावी लागणारी गोष्ट हमखास राहून जाते.

जागेचा प्रश्न त्याहून अवघड असतो. डोंगरावरील प्रवचनात ‘आपल्या खोलीत जा व दार लावून घे’ असे सांगितले आहे. चाळीतल्या एका खोलीत सहा माणसे राहत असतील तर लावायचे कोणते दार? गच्ची, जिन्याचा शेवटचा टप्पा, गोठ्यामागची बाजेची जागा, दुकान उघडण्यापूर्वी अर्धे शटर वर करून घेतलेली पंधरा मिनिटे, यांपैकी काहीही चालते. मोबाइल मात्र त्या वेळी हाताशी नसावा. पवित्र शास्त्र मोबाइलवर वाचण्याची सोय असली तरी नवख्याने छापील प्रत घ्यावी, असे माझे मत आहे, कारण मोबाइलवरचे वाचन दुसऱ्याच्या एका संदेशाने संपते.

दुसरी पायरी : वाचन आणि दोन बाजूंची वही

पहिल्या पुस्तकापासून, म्हणजे उत्पत्तीपासून, सलग वाचायला बसणारा नवा वाचक बहुधा तिसऱ्या, लेवीय या पुस्तकापर्यंत पोचून थांबतो. मार्कापासून प्रारंभ करावा. हे चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान, सोळा अध्यायांचे आहे. रोज एक अध्याय घेतला तर सोळा दिवसांत येशूचे कार्य, मरण आणि पुनरुत्थान एकदा डोळ्यांखालून जाते. भाषांतराची निवड करताना फार काथ्याकूट करू नये. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपासनेत वाचले जाणारे भाषांतर थोडे जुन्या वळणाचे आहे. ते जड वाटल्यास सोप्या मराठीतील आवृत्ती जवळ ठेवावी. कॅथलिक वाचकांसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आहे. कॅथलिक प्रतीत ७३ पुस्तके आणि प्रॉटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तके असतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या प्रतीत वेगळी पुस्तके दिसली तर गोंधळून जाऊ नये. नव्या कराराची २७ पुस्तके दोन्हींकडे सारखीच आहेत.

सोपे मराठी हवे या एका गरजेपायी पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, शेकडो निराधार स्त्रियांचा संसार सांभाळत, हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. १९२२ साली त्या वारल्या, आणि ते संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. आपल्या हातात सहज येणाऱ्या ग्रंथामागे असे श्रम आहेत, एवढे ध्यानात असले तरी पाने उलटण्याचा वेग आपोआप कमी होतो.

आता वहीविषयी. साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि उघडल्यावर डाव्या पानावर ‘वाचले’, उजव्या पानावर ‘केले’ असे लिहावे. डाव्या बाजूला अध्यायातील एकच वाक्य उतरवावे, तेही आपल्याला टोचलेले. उजवी बाजू रात्रीपर्यंत कोरी ठेवावी. माझ्या परिचयातील एका रिक्षाचालकाच्या वहीत मार्काच्या दहाव्या अध्यायासमोर डावीकडे ‘बालकांना माझ्याजवळ येऊ द्या’ असे होते आणि उजवीकडे, रात्री घाईने लिहिलेल्या अक्षरांत, ‘धाकटीचे सातपर्यंतचे पाढे ऐकले, मध्ये फोन घेतला नाही’. यापेक्षा मोठे भाष्य त्या वचनावर मी तरी ऐकलेले नाही.

काही अध्यायांत करण्याजोगे काही दिसत नाही, अशी तक्रार येते. मार्काच्या पाचव्या अध्यायात सुमारे दोन हजार डुकरांचा कळप कड्यावरून समुद्रात पडतो. यातून आज्ञा कोणती काढायची? परंतु प्रसंग शेवटपर्यंत वाचला तर बरा झालेला माणूस येशूबरोबर येण्याची विनंती करतो, आणि येशू त्याला सोबत न घेता घरी, त्याच्या स्वकीयांकडे पाठवतो. ज्याला धर्मकार्यासाठी घर सोडून निघण्याची घाई झाली आहे, त्याच्या वहीत हे वाक्य डावीकडे यायला हवे. आणि खरोखरच काही सापडले नाही तर उजवी बाजू कोरी सोडावी. ओढूनताणून अर्थ काढण्याची सवय वाईट.

तिसरी पायरी : प्रार्थना

शब्द सुचत नाहीत म्हणून प्रार्थना अडते, तेव्हा शिष्यांना शिकवलेली प्रार्थनाच हाती घ्यावी आणि एकेका ओळीवर थांबावे. ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ येथे माझ्या आजच्या कोणत्या वागण्याने ते नाव हलके झाले, हे आठवावे. ‘रोजची भाकर’ म्हणताना घरातील पिठाचा डबा, औषधाचे बिल आणि ज्याच्या घरी आज चूल पेटली नसेल असा एखादा ओळखीचा माणूस, हे सर्व नावानिशी मांडावे. आणि मग ती अवघड ओळ येते. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत म्हटल्या जाणाऱ्या पाठात मत्तयाप्रमाणे ‘ऋण’ हा शब्द आहे: आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे सोड. सावकारी, हातउसने आणि उधारीची वही पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या आपल्या समाजाला या शब्दाचे वजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कोणाचे नाव अजून आपल्या मनातील उधारीच्या पानावर आहे, ते या ओळीशी थांबून पाहावे. नाव आठवले तर पुढची ओळ म्हणण्याची घाई करू नये.

स्वतःचे शब्द आटतात त्या दिवसांसाठी स्तोत्रसंहिता आहे. अँग्लिकन परंपरेत १५० स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत वाटून म्हटली जातात. नवख्याने रोज एक घेतले तरी पुरे. तेविसावे आणि एकशेएकविसावे स्तोत्र पाठ करावे, कारण रुग्णालयाच्या बाकावर वही आणि ग्रंथ दोन्ही जवळ नसतात. एक्कावन्नावे स्तोत्र चुकलेल्या दिवसासाठी राखून ठेवावे. ज्यांना गाऊन प्रार्थना करणे सोपे जाते त्यांनी जरूर गावे; ख्रिस्तभक्तीला अभंग आणि ओवीची वाट मराठीत फार जुनी आहे, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदे आजही मंडळ्यांत गायली जातात.

चौथी पायरी : एका वेळी एक आज्ञा

हाच या वाटेचा गाभा आहे, आणि येथेच बहुतेक जण घसरतात. वाचन आणि प्रार्थना यांत एक समाधान असते. ते मिळाले की काम झाले असे वाटते. याकोब आपल्या पत्रात वचन केवळ ऐकणाऱ्याला आरशात तोंड पाहून निघून जाणाऱ्या माणसाची उपमा देतो, तो आपण कसे आहोत हे लगेच विसरतो. म्हणून आठवड्यासाठी एकच आज्ञा निवडावी, आणि ती इतकी ठोस असावी की रात्री ‘केले’ किंवा ‘नाही केले’ असे एका शब्दात सांगता यावे. ‘सर्वांवर प्रीती करीन’ हा संकल्प या कसोटीला उतरत नाही. ‘वरच्या मजल्यावरच्या काकूंशी बोलणे बंद आहे, त्यांना गुरुवारपर्यंत स्वतःहून हाक मारीन’ हा उतरतो.

स्वतःचेच उदाहरण देतो. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात असे आहे की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. एका शनिवारी हे वाचत असताना अर्पणाचे पाकीट माझ्या समोरच होते, आणि चुलत भावाशी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून झालेले भांडण तीन वर्षांचे झाले होते. वचनात चूक कोणाची हे विचारलेलेच नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथमच खुपली. दुपारी त्याच्या वस्तीवर गेलो. त्याने बस म्हटले, चहा आला, आम्ही अर्धा तास कांद्याच्या भावावर बोललो, आणि मूळ शब्द माझ्या तोंडून निघाला तो निघताना, चप्पल पायात घालताना: ‘त्या वेळी मी तुला चारचौघांत बोललो, ते माझे चुकले.’ तो काही बोलला नाही. फाटकापर्यंत आला आणि परत फिरला. गळाभेट झाली नाही, पाळीचा प्रश्नही त्या दिवशी सुटला नाही. दुसऱ्या दिवशी पाकीट अर्पणाच्या थैलीत टाकले, तेव्हा रक्कम नेहमीचीच होती.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की आज्ञा पाळल्यावर समोरचा माणूस लगेच विरघळेल, असे वचनात कोठेही म्हटलेले नाही, आणि साक्ष देताना मात्र आपण सर्रास तसे रंगवतो. नव्या माणसाने अशा रंगवलेल्या साक्षी ऐकून आपले मोजमाप करू नये.

काही आज्ञा एका आठवड्यात अंगवळणी पडणाऱ्या नसतात, हेही खरे. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर काही वर्षांनी. मधल्या काळात नवऱ्याच्या घरी राहतानाही स्वयंपाक आणि पाण्याचे सोवळे लक्ष्मीबाईंकडून सुटत नव्हते, आणि ते सुटले तेही एका फटक्यात नव्हे. हा सारा प्रवास त्यांनी पुढे विलक्षण प्रांजळपणे, स्वतःवर हसत लिहून ठेवला आहे. जात हा आजही आपल्या मंडळ्यांतील न बोलला जाणारा विषय आहे. प्रभुभोजनाचा प्याला एकत्र घ्यायचा आणि सोयरीक ठरवताना मूळ गाव नि आडनाव चाचपायचे, या विसंगतीवर ज्याला बोट ठेवता येईल, त्याने आपल्या वहीत त्यासाठी वर्षभराची पाने राखून ठेवावीत.

पाचवी पायरी : काम आणि पैसा

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा स्वयंपाकी होता. भांड्यांच्या खणखणाटातही वेदीसमोर गुडघे टेकल्याइतकेच देवाचे सान्निध्य लाभते, असे तो सांगत असे. आपल्या कामाची जागा अशीच पाहावी. दुकानदारासाठी आज्ञापालन वजनकाट्यापासून सुरू होते. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात खरा तराजू आणि खरी वजने यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कचेरीत काम करणाऱ्यासाठी ते ‘साहेब बाहेर गेलेत’ असे खोटे न सांगण्यापासून सुरू होऊ शकते. ‘तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही एवढेच असावे’ हे वचन एक दिवसभर फोनवर पाळून पाहावे, म्हणजे ते किती महाग आहे हे समजते.

त्याच एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नये आणि सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसे, वेचू नये, तो गरिबांसाठी ठेवावा, असे सांगितले आहे. सरवा हा शब्द शहरात ऐकू येत नाही, पण प्रत्येक पगाराला एक कड असते. ती आधी बाजूला काढावी, महिनाअखेरीस उरले तर पाहू असे म्हणू नये. मिझोरामच्या ख्रिस्ती घरांत गेल्या शतकाच्या आरंभापासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी वेगळा काढण्याची पद्धत आहे. तिला ‘बुहफाय थाम’ म्हणतात. दशांशाचा, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाचा, आकडा ज्याला आज झेपत नाही, त्याने अशा मुठीपासून प्रारंभ करावा. मात्र कर्ज काढून अर्पण करा, म्हणजे दुप्पट आशीर्वाद मिळेल, असे सांगणारा कोणी भेटला तर तेथून शांतपणे उठावे. जक्कय नावाच्या जकातदाराला येशू भेटला तेव्हा जक्कयाने ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले होते. बुडवलेली देणी फेडणे हेही आज्ञापालनच आहे.

उपासाविषयी थोडेसे

मराठी घरात उपास म्हटले की साबुदाण्याची खिचडी, वरी आणि दाण्याची आमटी समोर येते, आणि एकादशी दुप्पट खाशी होते. ख्रिस्ती उपासात पदार्थ बदलायचा नसून जेवण सोडायचे असते, आणि त्या वेळात प्रार्थना करायची असते. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायाप्रमाणे वाचलेले अन्न भुकेल्याच्या ताटात जायला हवे. पहिल्या वेळी एकच जेवण सोडावे, पाणी प्यावे, आणि येशूने सांगितल्याप्रमाणे तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून, कोणाला न कळू देता नेहमीच्या कामाला लागावे. मधुमेह असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी जेवण सोडू नये. त्यांच्यासाठी संध्याकाळचा दूरदर्शन किंवा मोबाइल सोडणे अधिक जड उपास ठरेल. ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस यासाठी सोयीचे आहेत, कारण त्या काळात मंडळीही सोबत असते.

सहावी पायरी : घर आणि मंडळी

घरात एकटाच विश्वासात आलेला माणूस पहिल्या वर्षी घरच्यांशी फार वाद घालतो, आणि बहुतेक वाद तो जिंकूनही हरतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात न बोलता, वागणुकीने मन जिंकण्याची गोष्ट आहे, आणि आशेचे कारण कोणी विचारलेच तर ते सौम्यतेने व आदराने सांगावे असे म्हटले आहे. आईच्या देव्हाऱ्याविषयी एक शब्दही वावगा बोलू नये. तिच्या गुडघ्याला तेल चोळून द्यावे. ज्या विधीत आपल्याला सहभागी होता येत नाही, त्याविषयी आधीच, सणाच्या आदल्या आठवड्यात, वडिलांशी एकांतात बोलून ठेवावे. ऐन आरतीच्या वेळी बाहेर निघून जाणे म्हणजे विनाकारण अपमान करणे होय.

मंडळी निवडताना परंपरेचा पंथ कोणता यापेक्षा तेथे वचन वाचले जाते का, हिशेब उघड ठेवला जातो का, आणि पाळकाला प्रश्न विचारता येतो का, हे पाहावे. रविवारच्या उपासनेखेरीज चार-सहा जणांची आठवड्याची संगती असावी, जेथे वहीची उजवी बाजू मोठ्याने वाचता येते. आणि आपल्याहून जुन्या अशा एका व्यक्तीला, पुरुषाने पुरुषाला व स्त्रीने स्त्रीला, ‘महिन्यातून एकदा मला विचारत जा’ असे सांगून ठेवावे.

रात्रीचा हिशेब

निजण्यापूर्वी पाच मिनिटे दिवस मागे वळून पाहावा. येशूसंघ या कॅथलिक संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने आपल्या साथीदारांना घालून दिलेला क्रम आजही सोपा आहे. आधी उपकारस्तुती, मग देवाजवळ प्रकाश मागणे, मग सकाळपासूनचे प्रसंग एकेक करून पाहणे, चुकीबद्दल क्षमा मागणे आणि उद्याचा एक निश्चय करणे. चूक कबूल करताना तिचे नाव घ्यावे: ‘रागावलो’ असे न म्हणता ‘बायकोला पाहुण्यांसमोर टाकून बोललो’ असे म्हणावे, आणि ती जागी असेल तर तिलाही तेवढेच सांगावे. योहानाच्या पहिल्या पत्रात पापे पदरी घेणाऱ्याला क्षमेचे निःसंदिग्ध अभिवचन आहे, तेव्हा क्षमा मागितल्यावर तीच चूक घोळवत जागत पडू नये. दोन-चार दिवस सारेच चुकले असेल तर राहिलेले अध्याय भरून काढण्याच्या मागे न लागता आजच्या तारखेपासून पुढे चालू लागावे.

सोळाव्या दिवशी मार्क संपतो, आणि सतराव्या दिवशी लूक उघडण्याचा मोह होतो. त्याआधी वहीची उजवी पाने सावकाश चाळावीत. एखाद्या वाक्यासमोर जागा कोरी दिसली, आणि ती कोरी का राहिली हे आपल्याला ठाऊक असले, तर त्या दिवशी तेथेच थांबावे. लूक दोन दिवसांनी वाचला तरी चालेल.